पिंजणारं पाखरू

डोणगावच्या आमच्या गादी कारखान्याला आता काचेचं दार लागलंय. आत मोबाईलची कव्हरं रांगेनं टांगलीत, आणि अब्बा जिथं मांडी घालून कापूस पिंजायला बसायचे तिथं एक फिरती खुर्ची आलीय. गेल्या आठवड्यात अम्मीला भेटायला गेले, तेव्हा मागच्या घरात जायच्या आधी उगाच त्या दुकानात शिरले. घ्यायचं काहीच नव्हतं. आढ्याला ती लोखंडी कडी अजून आहे, तिला अब्बांची धनुकली लटकायची. भाडेकरूनं कडीवरूनच पांढरा रंग फिरवलाय. मी वर बघत उभी राहिले, तर तो बिचारा म्हणाला, ताई, गरम होतंय का, आणि त्यानं पंखा लावला. मी हो म्हटलं, जराशी पंख्याखाली उभी राहिले आणि बाहेर आले.

मला वाटलं होतं, वास तरी राहिला असेल. एवढी वर्षं त्या भिंती कापसाची धूळ खात आल्या. पण नाही, नव्या प्लास्टिकचा वास होता. इतकं साफ पुसून निघेल असं कधी मनात आलं नव्हतं. खरं सांगते, मला त्या खुर्चीचा राग आला. आता खुर्चीचा काय गुन्हा!

आम्ही पिंजारी. धनुकली ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते. माणसाच्या उंचीचं लाकडी धनुष्य, त्याला आतड्याची ताणलेली तात, आणि हातात लाकडी मुठिया. मुठियानं तात ओढून सोडली की ती थरथरते आणि तिला चिकटलेला कापूस तुटून, मोकळा होऊन उडतो. आवाज असा : ढुंई, ढुंई, ढुंई, टक्. तो टक् मुठिया सुटल्याचा. मी अभ्यास त्या आवाजात केला, तापानं फणफणले तेव्हा त्या आवाजात निजले. पुढं गावात मशीन आली, नाही म्हणता म्हणता अब्बांनीही घेतली. पण रजईचा कापूस ते हातानंच पिंजायचे. मशीनमधून निघालेला कापूस मरतो, त्याच्यात ऊब राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाइकाला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, पण ऐकतो कोण!

आमचे महिने कापसावर चालायचे. दिवाळी झाली की रजया. मग लग्नसराई, पोरींच्या संसाराच्या गाद्या, लाल-हिरव्या चकचकीत कापडाच्या, आणि त्या भरताना अब्बा त्या पोरीला मनापासून दुवा द्यायचे, मग ती कुणाच्या घरची का असेना. उन्हाळ्यात जुन्या गाद्या फोडून गच्चीवर कापूस वाळायला पडायचा. उन्हानं तापलेल्या त्या कापसाला एक कोमट, किंचित तेलकट वास येतो, सरकीचा. मी त्याच्यात तोंड खुपसून पडायची आणि अम्मी ओरडायची. पावसाळ्यात मात्र सगळं ठप्प. तात सर्द होऊन ढिली पडायची, कापूस दमट, धनुकली कडीला नुसती लटकलेली. अब्बा घरात येरझारा घालायचे आणि सगळ्यांवर खेकसायचे. घर शांत असायचं आणि ती शांतता कुणालाच मानवायची नाही.

असल्याच एका पावसाळ्याच्या तोंडावर अब्बा शेगावहून फिंच पाखरांची जोडी घेऊन आले. तिथल्या एका लॉजच्या गाद्या भरायचं काम होतं. लॉजवाल्याकडं पाखरांचा मोठा पिंजरा होता आणि अब्बा जेवायच्या सुट्टीत भाकरी हातात घेऊन त्याच्याच पुढं बसायचे. निघताना त्या भल्या माणसानं बुटाच्या खोक्याला भोकं पाडून एक जोडी दिली. चिमणीहून लहान, राखाडी. नराचे गाल नारिंगी, चोच लालभडक, छातीवर बारीक काळ्या रेघा. मादी साधीसुधी, तिची चोच जरा फिकी. अम्मी म्हणाली, घरात कापूस कमी उडते का, आता पिसंही उडू द्या. दुसऱ्या दिवशी बाजारातून पाखरांना राळ्याचे दाणे मात्र तिनंच आणले.

त्या पावसाळ्यात अब्बांना करायला काम सापडलं. पिंजऱ्यासमोर स्टूल टाकून ते बसायचे आणि मला शेजारी बसवायचे. नर दांडीवर चोच घासायचा, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं, जशी अम्मी सुरी परजायची. मग गालाची पिसं फुगवून, अंग ताठ करून, एकेक उडी घेत मादीकडं सरकायचा. प्रत्येक उडीला वळायचा, शेपूट तिच्या बाजूला मुरडायचा, आणि सोबत त्याचं ते बारीक, भरभर बोलणं चाललेलं. मी हसायची. अब्बा म्हणायचे, त्याच्याकडं नको पाहू, तो तर रोजच नाचते, तिच्याकडं पाहा. ती पाठ फिरवून अंग फुगवून बसली तर अजून वेळ आहे. चोच मारून हाकललं तर विषयच संपला. पण ती वाकून, आडवी होऊन बसली आणि तिची शेपटी थरथरली, तर समजायचं, कबूल.

बाकीच्या खुणा त्यांनी हळूहळू जमवल्या. मादीच्या चोचीचा रंग गडद व्हायला लागतो. दोघं अंगाला अंग लावून बसतात, एकमेकांच्या मानेची पिसं विंचरतात. मादी समुद्रफेसाच्या तुकड्याला चिकटते, कारण अंड्याला चुना लागतो. नर सापडेल ती काडी चोचीत धरून हिंडतो, कुठं ठेवू, कुठं ठेवू. एवढं दिसलं की मगच मडकं टांगायचं. आधी टांगलं तर नुसती भांडणं. अब्बांनी कुंभाराकडून पोटाला भोक असलेलं चिमुकलं मडकं करून आणलं. ज्या दिवशी मादीची शेपटी थरथरली, त्या दिवशी त्यांनी मला शाळेतून आल्या आल्या दप्तरासकट पिंजऱ्यापुढं उभं केलं आणि स्वतः लाजल्यासारखे बाजूला झाले.

आणि मग घरट्यासाठी अब्बांनी त्यांना कापूस दिला. दुसऱ्या कुणाच्या घरात ही चूक झाली नसती. लोक काथ्या देतात, सुकलेलं गवत देतात. पण आमच्या घरात सगळ्यात चांगली वस्तू कापूस. जन्मलेल्या बाळाखाली कापूस, म्हाताऱ्याच्या दुखऱ्या हाडाखाली कापूस. त्यांनी रजईतला, हातानं पिंजलेला, फुंकरीनं उडणारा कापूस निवडून पिंजऱ्यात ठेवला. नर ते पांढरे झुपके चोचीत धरून दिवसभर मडक्यात नेत होता. आम्ही तिघं बघत होतो. आमच्या घरात एवढा आनंद मी नंतर पाहिला नाही.

अंडी झाली, एक पिल्लू निघालं. आणि एका दुपारी नर मडक्याच्या तोंडाशी लटकलेला दिसला. कापसाचा एक लांब तंतू वळून वळून त्याचा दोरा झाला होता आणि तो त्याच्या पायाला आणि मानेला गुंडाळला गेला होता. अब्बांनी कात्रीनं तो दोरा कापला, पण नर केव्हाच गेला होता. नंतर मडकं उतरवून सगळा कापूस एकेक तंतू करून बाहेर काढला, पिल्लू तळहातावर ठेवून, आणि आत काथ्या घातला.  त्यानंतर कापूस हातात घेतला की ते मधेच थांबायचे आणि बोटं कपड्याला पुसायचे.

मादीनं एकटीनं पिल्लू वाढवलं. या जातीत मादी गात नाही. नर पोराला शिकवतो, बापाचं गाणं मुलाकडं जातं आणि ते वयही ठरलेलं असतं; ते निघून गेलं की नवीन काही शिकत नाहीत. हे आम्हाला फार नंतर कळलं. तेव्हा अब्बांनी एवढंच केलं, की पाखराला एकटं वाटू नये म्हणून पिंजरा उचलून कारखान्यात, धनुकलीच्या शेजारी टांगला. पिल्लू तिथंच मोठं झालं. त्याचेही गाल नारिंगी झाले, चोच लाल झाली, आणि ते तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायला लागलं. त्याच्यासमोर दिवसभर रजयांचा कापूस पिंजला जात होता.

एकदा अब्बा बाहेर ओट्यावर गिऱ्हाइकाशी बोलत होते, आणि आत धनुकली चालू होती. मी आत डोकावले. कुणी नव्हतं. पाखरू दांडीवर ताठ बसून म्हणत होतं : ढुंई, ढुंई, ढुंई. बारीक, खरखरीत, एका सुरात ताणलेलं, आणि शेवटी चोचीनंच टक्. आता कुणी म्हणेल, बापाविना वाढलेल्या पाखराचं बोलणं असंच बेसूर निघतं, त्यात धनुकली तुम्हाला ऐकू आली. असेलही. पण आम्हाला तिघांनाही तीच ऐकू यायची. अब्बांनी त्याचं नाव उस्ताद ठेवलं. आधी हसले, मग डोळे पुसले.

उस्तादला मात्र मादी मिळेना. तो सगळं बरोबर करायचा, चोच घासायचा, गाल फुगवायचा, उड्या घेत सरकायचा, काडी धरून हिंडायचा. आणलेली मादी ऐकायची, मान तिरपी करायची आणि पाठ फिरवायची. अब्बांनी मेहकरच्या बाजारातून मादी आणली, पुढं खामगावहून आणली. प्रत्येकीला वेळ दिला, उकडलेलं अंडं कुस्करून घातलं, समुद्रफेस नवा टांगला. चोची गडद झाल्या, अंगं भरली, सगळ्या खुणा आल्या. तो गायला लागला की त्या दूर जाऊन बसायच्या. म्हाताऱ्या होऊन गेल्या, पण त्यांनी त्याला जवळ केलं नाही.

त्याच वर्षांत अब्बांचा दम वाढला. आयुष्यभर नाकातोंडात गेलेला कापूस बाहेर थोडाच येतो! मेहकरच्या डॉक्टरनं पिंजणं बंद करायला सांगितलं. मशीन विकली. धनुकली कडीला लटकत राहिली, तिच्यावर आम्ही जुनी चादर टाकली. मी लग्न होऊन देऊळगाव राजाला गेलेली, मला भाऊ नाही, आणि पिंजायला मला कुणी कधी बसवलं नव्हतं. अब्बा स्टूलवर बसून दिवसभर पिंजऱ्याकडं बघायचे. मी माहेरी गेले की शेजारी बसायचे. एकदा म्हणाले, "बेटा, याचं एक पोरगं तरी शिकून निघालं पाहिजे. मंग काही नाही." त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. ते पाखराबद्दल बोलत नव्हते हे मला कळत होतं.

तेव्हा ते म्हणाले, चूक माझीच, कापूस मी दिला. या आवाजाला जगात कोणतीच मादी यायची नाही. अम्मी दारात तांदूळ निवडत बसली होती. ती वर न बघता म्हणाली, "मी आली न."

हे खरं होतं. अब्बा जवान असताना खांद्यावर धनुकली टाकून गावोगाव हिंडायचे, आणि अम्मीच्या माहेरी तिच्या थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या गाद्या भरायला त्यांना बोलावलं होतं. अंगणात पडदा होता. अम्मीनं चार दिवस पडद्याआडून नुसता आवाज ऐकला, तोंड नंतर पाहिलं. हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी अब्बा एवढे हसले की त्यांना उबळ आली, आणि अम्मी त्यांची पाठ चोळत राहिली.

शेवटची मादी त्यांनी पांढरी आणवली होती. तिनंही पाठ फिरवली. हिवाळ्यात एका सकाळी अब्बा गेले. त्यांच्या खालची गादी त्यांनीच भरलेली होती.

पुढच्या पावसाळ्यात मी डोणगावला गेले होते. दुपारी उस्ताद दांडीवर सरकत होता, ढुंई, ढुंई, आणि ती पांढरी मादी वाकली. आडवी झाली. तिची शेपटी थरथरली.  कुणाला सांगू? ज्यांनी एवढी वर्षं या एका थरथरीची वाट पाहिली ते नव्हते. मी मडकं टांगलं, काथ्या दिला. थोड्याच दिवसांत अम्मीनं फोनवर सांगितलं की मडक्यात अंडी आहेत, खडीसाखरेच्या खड्याएवढी, आणि आवाज तिचा खुशीचा नव्हता. म्हणाली, येऊन जाय.

मी गेले. अम्मी वाळली होती. पाखरू आता दिवसभर गात होतं, जोडी जमल्यावर गातातच. अम्मी म्हणाली, "त्याले घेऊन जाय बेटा. दुपारी त्याचं सुरू झालं की माझे पाय आपोआप अब्बाचा चहा ठेवाले जातात. काल कप घेऊन मी कारखान्यामंदी गेली. आत कोणीच नोतं."

मी तिला समजावलं, अंड्यावर बसलेली मादी हलवली तर ती अंडी सोडते, पंधरा-वीस दिवस थांब, पिल्लं निघू दे, थोडी मोठी होऊ दे, ती ऐकून शिकतील, अब्बांना हेच पाहिजे होतं.  अम्मीनं हात जोडले. आईनं आपल्यापुढं हात जोडल्यावर माणूस काय करतं? मी पिंजऱ्यावर ओढणी टाकली आणि एसटीत बसले. सिंदखेडराजाच्या अलीकडं रस्ता खणलेला होता. पिंजरा मांडीवर घट्ट धरून मी मडक्याला दुसऱ्या हातानं आधार दिला होता. प्रत्येक खड्ड्याला मला वाटायचं, आता फुटलं.

अंडी फुटली नाहीत. मादी पुन्हा त्यांच्यावर बसलीच नाही. मी रोज बोट लावून बघायची आणि ती गार असायची. मादी त्याच्याकडं पाठ करून बसायला लागली, काही महिन्यांत मेली. उस्ताद तेव्हापासून गायचा बंद झाला. मी त्याला मादी आणली नाही, माझ्यात तेवढा जीव नव्हता. मोबाईलवर तो आवाज कधी भरून ठेवायचं सुचलं नाही. घरचा आवाज कोण भरून ठेवतं! गेल्या उन्हाळ्यात तो पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला सापडला. अंगणातल्या कढीपत्त्याखाली मी त्याला पुरला. त्याच्याबरोबर किती काय पुरलं याचा विचार मी करत नाही. करून काय उपयोग? मनात कधी कधी तो आवाज आणायला जाते, तर मिक्सरचा येतो, शेजारच्या गिरणीचा येतो. तो येत नाही.

अम्मीला हे सांगितलेलं नाही. ती फोनवर दर वेळी विचारते, कसा आहे तो, आणि मी म्हणते, मजेत आहे. गेल्या आठवड्यातही, काचेच्या दारातून बाहेर येऊन मागच्या घरात गेले, तेव्हा तिनं भाकरी थापता थापता विचारलं आणि मी तेच सांगितलं. ती म्हणाली, पुढं दुकान झाल्यापासून दिवसभर गाणी वाजतात, पण घर लय सुनं लागते. निघताना तिनं राळ्याची पुडी माझ्या पिशवीत टाकली. उस्तादसाठी.

काल दुपारी तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, गुडघ्याचं, पाण्याचं. मग तिनं विचारलं,

"गाऊन राह्यला का तो?"

मी म्हटलं, हो.

"मी उगाच धाडला त्याले. फोन त्याच्याजवळ धर न जरा."

पिंजरा अजून ओसरीतच आहे, मी काढलेला नाही. मी उठले आणि त्या रिकाम्या पिंजऱ्याच्या गजांना फोन लावून उभी राहिले. काय करणार होते दुसरं? बाहेरून कुणाची तरी मोटारसायकल गेली. ओढणीचा बोळा तोंडात धरून मी उभी होते आणि पलीकडं अम्मी ऐकत होती. खूप वेळ ऐकत होती. मी फोन कानाला लावला तेव्हा ती हळूच, अब्बांची झोपमोड होऊ नये तशा आवाजात म्हणाली,

"दमले असतील. राहू दे."